थोरल्याचं विमान

“थांबा वहिनी. मोजतोय.”

“मोजा, मोजा. तिकडं तुमचा भाऊ भिंतीकडं तोंड करून पडलाय आणि तुम्ही तारा मोजा.”

“वहिनी, जरा…”

“मी कुठं काय बोलले? बसलेय ना गप्प.”

धाकट्यानं हातातली जळकी तार सोडून दिली. चुकले टर्न. आता पुन्हा पहिल्यापासून. पंख्याच्या पोटातून अर्धवट उपसलेली कॉइल त्यानं बाकावर ठेवली, चष्मा कपाळावर ढकलला आणि वहिनीकडं पाहिलं. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर मोठी कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून एक पांढरा पंख बाहेर लोंबत होता. विकायला कोंबडी आणावी तसा.

“काय आणलंत हे?”

“विमान. तुमच्या दादाचं. पडलं.”

धाकटा म्हणजे वय काही कोवळं नव्हतं. पन्नाशी कधीच उलटलेली, कानामागं पिकलेले केस, बोटांच्या पेरांत वॉर्निश मुरून ती कायमची तपकिरी झालेली. गल्ली त्याला कॉइलमास्तर म्हणायची. पण घरात तो धाकटाच, आणि थोरल्याच्या तोंडी तर अजून बारक्या. दोन दुकानांच्या मधल्या फटीवर पत्रा टाकून त्यानं आपलं दुकान थाटलेलं होतं. आत शिरायचं तर अंग चोरून. खिळ्यांना पंख्यांची पाती टांगलेली, खाली पंपांचे सांगाडे, आणि वॉर्निशचा असा वास की नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा आत आलं की नाकाला रुमाल लावायचं.

जळालेल्या मोटरा नव्या तारेनं भरायच्या हे त्याचं काम. या कामात एक गोष्ट धर्मासारखी पाळायची असते. जुनी कॉइल कापून फेकण्याआधी तिचे टर्न मोजायचे. किती वेढे, कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत गेले, कोणत्या अंगाला वळले. एकदा का जुनी तार भंगारात गेली की ती मोटर कशी होती हे सांगायला जगात कुणी उरत नाही. मग बसा अंदाज करत, आणि अंदाजानं भरलेली मोटर एक तर तापते नाही तर रडते. त्याच्या उस्तादानं पहिल्या दिवशी त्याच्या टाळक्यात टपली मारून हे शिकवलं होतं, आणि ती टपली धाकट्याला अजून लागत होती. मोजताना तो कुणाशी बोलायचा नाही. दारात गिऱ्हाईक असो, पावणा असो, नाही तर बायको भाजीची पिशवी घेऊन उभी असो. गल्लीतली टवाळ पोरं म्हणायची, कॉइलमास्तराच्या दुकानाला आग लागली तरी तो आधी टर्न पुरे करेल आणि मग पाणी शोधेल.

वहिनीनं पिशवीतून एकेक तुकडा काढून बाकावर मांडला, शेवटी रिमोट आणि जास्तीच्या सामानाची पुडी. फोमचं, हलकं, स्वस्तातलं विमान. खोक्यावरच्या चित्रात ते भलतंच ऐटबाज दिसत असणार. प्रत्यक्षात नाक फुटून दोन तुकडे झालेलं, नाकावरचा फिरता पंखा तडकलेला, एका पंखाखाली गवताची हिरवी रेघ ओढलेली.

“चांगलं वर होतं,” वहिनी म्हणाली. “वरच्या वर मोटर बंद पडली. आवाजच गेला. मग दगडासारखं खाली. ते काही बोलले नाहीत. घरी आले, आडवे झाले. कालपासून उठले नाहीत.”

“उठतील.”

“तुम्हाला काय माहीत भाऊजी. तुम्ही येता कधी?”

धाकट्यानं फुटलेलं नाक उचललं आणि परत खाली ठेवलं.

थोरला लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवायचा. बाप लवकर गेला तेव्हा थोरल्याला नुकत्या मिशा फुटत होत्या. तो क्रेनवर चढला आणि धाकट्याला मानगूट धरून वाइंडिंगच्या उस्तादापुढं नेऊन बसवलं. “याला काम शिकवा. ऐकलं नाही तर मारा. मेला तर मला सांगा,” एवढंच बोलून तो ड्यूटीवर निघून गेला. पुढं आयुष्यभर त्यानं उंच केबिनमध्ये बसून लोखंड या ढिगावरून त्या ढिगावर ठेवलं. खालचे हमाल म्हणायचे, हा माणूस लोखंड असं ठेवतो की त्याखाली अंडं असलं तरी फुटायचं नाही. सगळी कारागिरी उजव्या हातात होती. आणि निवृत्तीनंतर पहिल्याच हिवाळ्यात झटका आला तो नेमका उजव्या अंगाला. पाय ओढू लागला, जीभ जड झाली, आणि हात तर असा झाला की जणू दुसऱ्याचा कुणाचा तरी उसना आणून खांद्याला लावलाय.

व्यायाम शिकवायला एक बाई यायची. तिनं रबरी बॉल दिला आणि सांगितलं, हा दाबायचा, रोज. हात हलता ठेवला नाही तर आखडत जाईल, मग कुणाच्या बापाच्यानं उघडायचा नाही. थोरल्यानं दोन-चार वेळा बॉल दाबला आणि मग डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकून दिला. वहिनी जाऊन घेऊन आली. त्यानं पुन्हा फेकला. “कुत्र्याला… दे,” म्हणाला. बोलणं तुटक झालं होतं, पण जिभेचा तिखटपणा झटक्यानंही गेला नव्हता.

मग हे विमान आलं. म्हणजे थोरल्याच्या लेकीनं तिच्या पोराला घेतलेलं, सुट्टीत इथं आणलेलं, आणि पोराला त्याचा कंटाळा आल्यावर इथंच माळ्यावर टाकून दिलेलं. एके दिवशी थोरल्यानं ते खाली काढायला लावलं. का, ते त्यानं सांगितलं नाही. पहाटे वारा पडलेला असताना तो काठी टेकत बस डेपोच्या मागच्या मोकळ्या मैदानावर गेला. त्याला रिमोट धरता यायचा, पण विमान हवेत फेकणार कोण? मग वहिनी. साठीतली बाई, चपला काढून, विमान डोक्यावर धरून पळायची आणि फेकायची. सकाळी फिरायला येणारे थांबून बघायचे. कुणी म्हणालं, “वहिनी, सांभाळून, तुम्हीच उडाल.” आणि थोरला, झटका आल्यापासून पहिल्यांदा, हसला होता. तोंडाच्या एकाच बाजूनं हसला, पण हसला.

तेव्हापासून तो रोज उठायला लागला. अंघोळ स्वतः करायचा. बटणं स्वतः लावायचा, अर्धा तास लागला तरी. मैदानावरचे लोक त्याला पायलट म्हणायला लागले. वहिनी हे सगळं धाकट्याला फोनवर सांगायची आणि “एकदा बघायला या” म्हणायची. धाकटा “येतो” म्हणायचा. पण सकाळी दुकान, आणि खरं सांगायचं तर ज्या भावानं मानगूट धरून माणूस बनवलं त्याला खेळण्याशी खेळताना बघायची त्याची छाती नव्हती. तो कधी गेलाच नाही.

“नीट होईल का?” वहिनीनं विचारलं.

“खेळणं तर आहे. होईल की.”

“खेळणं म्हणू नका त्यांच्यासमोर.” ती उठली. दारात अंग चोरताना थांबली. “भाऊजी, हे झालं नाही तर ते उठायचे नाहीत. मी उगाच बोलत नाही. मला दिसतंय.”

ती गेल्यावर धाकट्यानं पंखा बाजूला ठेवला आणि विमान पुढ्यात ओढलं.

कामाची त्याची एक रीत होती. आधी हात लावायचा नाही, बघायचं. मग वीज कुठपर्यंत येते आणि कुठं थांबते ते पावलापावलानं शोधायचं. त्यानं मीटर लावून बॅटरी तपासली. चार्ज बरोबर होता. जराशी फुगली होती, पण चालण्यासारखी. रिमोटचा दिवा लागला. विमान चालू केल्यावर आतल्या छोट्या पाटीवरचा दिवा आधी लुकलुकला आणि मग स्थिर झाला, म्हणजे दोघांची ओळख पटली. उजवी दांडी हलवली की शेपटीतली चिमुकली मोटर कुरकुर करत उभी पट्टी डावी-उजवीकडं वळवत होती. म्हणजे तेही ठीक. डावी दांडी पुढं केली. नाकातली मोटर हलली नाही. मेलेली.

त्यानं मोटरच्या दोन तारा बोटांनी हळूच चाळवल्या. एकदा मोटर दचकून फिरली आणि पुन्हा थांबली. सापडलं. वरून तार शाबूत दिसत होती, पण तिच्यावरच्या रबरी नळीच्या आत डाग सुटला होता. कारखान्यात घाईनं लावलेला कथलाचा ठिपका. हवेत थरथरून थरथरून शेवटी त्यानं हात सोडला. धाकट्यानं नळी कापली, जुनं कथील खरवडलं, नवा डाग दिला. ओढून पाहिला. मोटर भिंगरीसारखी फिरली.

नाकाचं काम नाजूक होतं. त्यानं आधी एका पॅकिंगच्या तुकड्यावर आपला नेहमीचा गोंद लावून पाहिला, तर गोंदानं फोमच खाऊन टाकला, साखर विरघळावी तसा. बरं झालं आधी पाहिलं. मग लाकडाचा पांढरा गोंद आणून नाक चिकटवलं, वरून चिकटपट्टी गुंडाळून सुकायला ठेवलं. पुडीत एक जास्तीचा पंखा होता, तो बसवला. तडकलेला काढून खिळ्याला अडकवला.

इथं काम संपलं होतं. इथं तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण सुकलेलं विमान त्यानं डोळ्यासमोर आडवं धरलं, एक डोळा मिटून नाकापासून शेपटीपर्यंत नजर टाकली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. उभी शेपटी पिळलेली होती. जरा नव्हे, चांगली. डावीकडं. तिच्यावर मार लागल्याची खूण नव्हती, म्हणजे साच्यातून निघतानाच ती तशी निघालेली. असलं विमान हवेत जन्मभर डावीकडंच ओढणार. “काय माणसं आहेत,” धाकटा स्वतःशी म्हणाला. “हे असलं विकतात, आणि दादा हे असलं उडवतो.” त्याला आतून वाईट वाटलं. आजारी भाऊ, आणि त्याच्या हातात वाकडी वस्तू. धाकट्याच्या दुकानातून आजवर वाकडी वस्तू बाहेर पडलेली नव्हती.

त्यानं चहाचं पातेलं स्टोव्हवर चढवलं, वाफेवर शेपटी धरली, फोम मऊ झाल्यावर दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबून सरळ केली. हलवायच्या तारेची लांबी जुळवून पट्टी अगदी मधोमध आणली. पुन्हा एक डोळा मिटून पाहिलं. ओळंब्यासारखी सरळ. इतकं छान झालं होतं की त्यानं शेजारच्या टेलरला बोलावून दाखवलं.

“वा,” टेलर म्हणाला. “आता यात बसून जायचं कुठं?”

पीळ किती होता, हे त्यानं मोजलं नाही. पेन्सिलीची एक खूणसुद्धा केली नाही. कॉइल असती तर केली असती. पण ही कॉइल नव्हती, खेळणं होतं, आणि वाकडेपणा कुणी मोजून ठेवतो का?

संध्याकाळी वहिनी येऊन विमान घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं सकाळी दुकान उघडलं नाही. मैदानावर गेला. थोरला आला होता. दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. धाकट्याला पाहून त्यानं भुवया उंचावल्या.

“बारक्या… तू?”

“बघायला आलो.”

“दुकान?”

“राहू दे एक दिवस.”

थोरल्यानं विमान डाव्या हातात घेतलं, नाकावरची पट्टी पाहिली आणि मान डोलावली. त्याची मान डोलणं म्हणजे काय हे धाकट्याला ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा ती त्याच्या कामावर डोलली होती. शेपटीकडं थोरल्यानं पाहिलं नाही. शेपटीबद्दल धाकटा बोललाही नाही. त्याला वाटलं, उडाल्यावर त्यालाच कळेल, आणि मग सांगू.

वहिनीनं चपला काढल्या. फिरणारे दोन-तीन लोक थांबले. डेपोचा म्हातारा वॉचमन कुंपणापाशी येऊन उभा राहिला. थोरल्यानं मोटर वाढवली, वहिनी पळाली, विमान सुटलं.

क्षणभर ते नाकासमोर गेलं. मग उजवीकडं वळलं. वळतच राहिलं. थोरल्याच्या कपाळावर शीर उभी राहिली. त्याचा उजवा अंगठा दांडी डावीकडं ढकलू बघत होता. विमानानं एक गिरकी घेतली, दुसरी त्याहून लहान, तिसरी त्याहून खाली, आणि शेपटीवर आपटून गवतात लोळलं. आवाज काही मोठा नव्हता. थर्मोकोलचं खोकं पायाखाली यावं तेवढाच.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

थोरल्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. विमानाकडं पाहिलंच नाही. हाताकडंच बघत राहिला. मग रिमोट वहिनीकडं दिला, काठी घेतली आणि घराच्या दिशेनं चालू लागला.

“पायलट,” वॉचमननं हाक मारली. “अहो, होतं असं. उद्या.” थोरला थांबला नाही. वहिनी पिशवी तिथंच टाकून त्याच्या मागं धावली.

धाकटा गवतातून तुकडे गोळा करायला लागला. वॉचमन कुंपणातून वाकून आत आला आणि मदतीला लागला.

“तुम्ही भाऊ का?”

“हो. मीच दुरुस्त केलं होतं.”

“काय बदललं त्यात? असं नव्हतं वळत कधी.”

“शेपटी वाकडी होती. ती सरळ केली.”

वॉचमननं हातातला तुकडा पिशवीत टाकला आणि डोकं खाजवलं. “तरीच. अहो, ते विमान पहिल्यापासून डावीकडं ओढायचं. पोरानं उडवलं तेव्हाही. आणि यांचा तो हात, तुम्ही बघितलाच असेल. बोटं आत वळतात. अंगठा दांडीवर ठेवला की आपोआप उजवीकडं जातो. विमान डावीकडं, हात उजवीकडं, आणि चाललंय आपलं सरळ. आम्ही म्हणायचो पण त्यांना, की पायलट, जोडी जमली तुमची. वळायचं असलं की अंगठा नुसता सैल सोडायचे. जरा जरा करत बराच ताब्यात आला होता हात.” तो थांबला. “तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?”

“मी विचारलं नाही,” धाकटा म्हणाला.

डावीकडं दांडी ढकलायची ताकद त्या अंगठ्यात नव्हतीच. सरळ विमान थोरल्याच्या हातात कधी सरळ जाणारच नव्हतं. ज्या वाकडेपणाच्या आधारानं तो हात रोज थोडा थोडा उघडत होता, तो धाकट्यानं वाफेवर धरून काढून टाकला होता आणि वर टेलरला बोलावून सरळ शेपटी दाखवली होती.

खरं तर त्याच दिवशी थोरल्याकडं जायला हवं होतं. पाय धरून सांगायला हवं होतं, दादा, तुझ्या हाताचं काही बिघडलेलं नाही, मी घोळ घातला. पण धाकट्याला तोंड दाखवायची लाज वाटली. आधी विमान जोडू, मग जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं. शेपटी पुन्हा चिकटवली. आता तिला पीळ द्यायचा. पण किती? त्यानं वाफेवर धरली, वळवली, एक डोळा मिटून पाहिलं. एवढा होता? की याहून जास्त? शेपटीच्या बुडापासून होता की फक्त शेंड्याला? आठवायला बसलं की दर वेळी वेगळंच आठवायचं. त्यानं तीच शेपटी इतक्यांदा वाफवली की फोमला फोड आले.

असे दिवस गेले. कामं तुंबली. बेकरीवाल्याची पीठ मळायच्या यंत्राची मोटर कोपऱ्यात तशीच पडली होती आणि बेकरीवाला रोज दारात उभा राहून टोमणे मारत होता. “मास्तर, विमानं बनवायला लागलात म्हणे. आमचा पाव आता वरून टाकणार का?” वहिनीचे फोन येत होते. “येतो,” धाकटा म्हणत होता. आणि मग एक दिवस वहिनी फोनवर काहीच बोलली नाही. नुसती फोन धरून बसली. तेव्हा तो उठला.

निघताना त्याला एक युक्ती सुचली होती. इतक्या उशिरा का सुचली म्हणून त्यानं स्वतःला शिव्या घातल्या. पीळ विमानात उरला नसला तरी थोरल्याच्या हातात असणार. थोरल्याच्या हातात रिमोट द्यायचा, विमान समोर ठेवायचं, आणि सांगायचं, सरळ उडतंय असं समज आणि धर. अंगठा दांडी जेवढी उजवीकडं नेईल तेवढी पट्टी उजवीकडं जाईल. तिथं खूण करायची. तेवढाच उलटा पीळ शेपटीला द्यायचा. टर्न मोजावेत तसा. कॉइल मोडली, पण जिच्यात ती बसत होती ती खाच शाबूत आहे की.

खोलीत औषधांचा आणि न बदललेल्या चादरीचा वास होता. थोरला भिंतीकडं तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली. कोपऱ्यात रबरी बॉल, त्यावर धूळ.

“दादा.”

धाकट्यानं पलंगाशी जाऊन विमानाची पिशवी खाली ठेवली.

“दादा, तुझा हात चुकला नाही. शेपटी मी सरळ केली. तुला न विचारता. विमान वाकडं होतं म्हणूनच तुझ्या हातात सरळ जात होतं.”

थोरला डाव्या कोपरावर जोर देऊन वळला. वहिनीनं पाठीशी उशी लावली.

“सरळ… केलंस.”

“हो.”

“कुणी… सांगितलं?”

“कुणी नाही.”

थोरल्यानं त्याच्याकडं असं पाहिलं की धाकटा पुन्हा उस्तादाच्या दारात मानगूट धरून उभा केलेला पोर झाला. शिवी आली असती तर त्यानं आनंदानं घेतली असती. आली नाही.

त्यानं घाईघाईनं खुर्ची पलंगाजवळ ओढली, विमान तिच्यावर ठेवलं, शेपटी थोरल्याकडं करून. वहिनीकडून रिमोट घेऊन चालू केला. युक्ती समजावून सांगितली. थोरला ऐकत होता. हे त्याला कळण्यासारखं होतं. आयुष्यभर त्यानं दांड्यांशीच व्यवहार केला होता. त्याच्या डोळ्यांत थोडी जाग आल्यासारखी वाटली. त्यानं उजवा हात पुढं केला.

हात पुढं आला तेव्हा धाकट्यानं तो जवळून पाहिला. मूठ मिटलेली होती. बोटं तळव्यात रुतलेली, अंगठा त्यांच्याखाली अडकलेला. वहिनीनं एकेक बोट धरून उघडलं. थोरल्यानं दात आवळले. अंगठा दांडीवर टेकवला.

पट्टी उजवीकडं गेली. टोकापर्यंत. धाकट्यानं पेन्सिलीनं खूण केली.

“सोड. आता परत धर. सरळ उडतंय समज.”

अंगठा घसरला. पट्टी मधोमध आली. दुसरी खूण. पुन्हा धरला. पट्टी अर्ध्यावर जाऊन थरथरली आणि अंगठा मुठीत परत गेला. वहिनीनं परत काढला. तिसरी, चौथी. धाकटा खुणा करत राहिला. शेपटीवर पेन्सिलीच्या रेघांचं नुसतं रान झालं. एकीवर दुसरी बसत नव्हती.

“परत एकदा, दादा.”

थोरल्यानं रिमोट मांडीवर ठेवला आणि मान पुढं काढून त्या रेघा नीट पाहिल्या. एकेक करून. यार्डात लोखंड टेकवायच्या आधी खालची जागा बघायचा, तसा. मग उशीवर मागं टेकला.

“नाही,” म्हणाला. “हातात… नाही आता.”

“दादा, अंदाजानं बसवतो. तू मैदानावर ये, थोडं थोडं करत जुळवू. एकदा पडेल, दोनदा पडेल. मी येतो रोज.”

“रोज?”

“रोज.”

थोरला तोंडाच्या एका बाजूनं हसल्यासारखा झाला, पण हसणं नव्हतं ते. “दुकान… उघड जा,” म्हणाला, आणि हळूहळू भिंतीकडं वळला. वळायला त्याला बराच वेळ लागला. कुणी हात लावला नाही.

वहिनी बाहेरच्या दारापर्यंत आली. चपला शोधणाऱ्या धाकट्याकडं बघत उभी राहिली. “विमान ठेवू का घेऊन जाता?”

“काय करू?”

“इथं नको. डोळ्यासमोर नको त्यांच्या.” मग थोडं थांबून, “बॉल देऊन बघते परत.” स्वतःच्याच बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता हे दिसत होतं, पण बाई काही तरी करत राहणारी होती.

धाकटा पिशवी घेऊन दुकानात आला. शटर वर केलं. विमान कुठं ठेवावं कळेना, म्हणून खिळ्याला पंख्याच्या पात्यांच्या मध्ये अडकवलं. वारा आला की ते हलायचं आणि त्याची वाकडी-सरळ काय असेल ती शेपटी पात्याला लागायची.

बेकरीवाला आलाच. स्टुलावर टेकला, वर पाहिलं. “उडलं का मग?”

धाकटा बोलला नाही. बेकरीवाल्याला वाटलं, मोजतायत, म्हणून तो तोंड मिटून बसला. खरं तर धाकट्याच्या पुढ्यातली मोटर अजून उघडलीही नव्हती. त्यानं बोल्ट सोडवले, झाकण काढलं, जळक्या तारेचा कडवट वास दुकानभर पसरला. तारा काळ्या पडल्या होत्या, पण वितळून एक झाल्या नव्हत्या. मोजता येण्यासारख्या होत्या. त्यानं चष्मा खाली ओढला, पहिल्या वेढ्यात नख घातलं आणि मोजायला घेतलं.

अर्ध्यावर गेल्यावर चुकला. पुन्हा पहिल्यापासून घेतलं.